सगळेच डावखुरे

पाकिटावर निळसर-काळ्या शाईने, बारीक इंग्रजी अक्षरांत तीनच वाक्ये लिहिलेली होती: ‘खदान, पूर्वेकडे पाहताना. धातुकाचे थर दक्षिणेकडे कललेले. प्रमाणासाठी मजूर.’ त्या पाकिटातली काचेची निगेटिव्ह, तिच्यावर मी केलेली एक ढोबळ चूक आणि ती चूक एका निवृत्त खाणकामगाराने दोन मिनिटांत कशी उघडी पाडली, याची ही हकिगत आहे.

जुनी छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह स्वच्छ करणे, त्यांच्या डिजिटल प्रती तयार करणे आणि प्रत्येकीची नोंद लिहिणे हे माझे काम आहे. गेल्या हिवाळ्यात नागपुरात माझ्याकडे इलफर्ड कंपनीच्या काचेच्या प्लेटांचे जुने डबे आले आणि त्या डब्यांमध्ये नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीज खाणींच्या हाफ-प्लेट आकाराच्या निगेटिव्ह निघाल्या. काही प्लेटांच्या कडांना चांदीची झाक चढली होती, काहींवर पावसाळ्याची बुरशी नक्षीसारखी पसरली होती, दोन प्लेटा तडकलेल्या होत्या. छायाचित्रकाराचे नाव कुठेही नव्हते. नोंदींची भाषा मात्र भूवैज्ञानिकाची होती, कारण जवळजवळ प्रत्येक पाकिटावर दिशा, थरांचा कल आणि खडकाचे नाव होते. माणसांचा उल्लेख आला तर तो ‘प्रमाणासाठी’ या एका शब्दापुरता.

हा शब्द भूवैज्ञानिकांना नवा नाही. खडकाच्या छायाचित्रात हातोडी, टोपी किंवा नाणे ठेवण्याची पद्धत आजही आहे, कारण त्याशिवाय तो कडा दहा फुटी आहे की शंभर फुटी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. खाण मोठी असली की हातोडीच्या जागी माणूस उभा केला जाई. या पट्ट्यात १९०० च्या सुमारास खाणी सुरू झाल्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे पोलादाच्या व्यापारात ओळखीची झाली आणि इथले धातुक रेल्वेने बंदरापर्यंत व तिथून जहाजाने परदेशी भट्ट्यांकडे जाऊ लागले. जमिनीलगतच सापडणारे हे धातुक उघड्या खदानींतून माणसांच्या हातांनी निघत होते. घण मारणारे पुरुष, लहान हातोड्यांनी ढेकळे फोडून दगड वेगळा काढणाऱ्या बाया, डोक्यावर टोपले घेऊन चढण चढणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, आणि त्यांच्या मागेपुढे मुले, अशी ती सगळी रचना होती. मँगनीजचे धातुक इतके जड असते की नेहमीच्या मुरमाचे टोपले भरावे तसे ते भरले, तर उचलतानाच मान मोडेल. म्हणून या छायाचित्रांतली टोपली अर्धीमुर्धीच भरलेली दिसतात, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याला मजूर कामचुकार वाटण्याचा संभव आहे.

१९०९ मध्ये लुईस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते नाव आजही आहे. माझ्यासमोरच्या पाकिटांवरही ‘गोंडाइट’ तीन ठिकाणी लिहिलेले होते, पण त्या खडकासमोर उभ्या असलेल्या माणसांत गोंड कोण, छत्तीसगडहून आलेले कोण आणि जवळच्या गावचे कोण, याचा एक शब्दही नव्हता.

आता चुकीकडे येतो. आमच्याकडे प्लेट प्रकाशपेटीवर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपतात. इमल्शनची, म्हणजे चमक नसलेली बाजू वर ठेवली की तपशील जास्त स्वच्छ येतो, मात्र त्या बाजूने पाहिलेले चित्र आरशातल्यासारखे उलटे असते. त्यामुळे संगणकावर निगेटिव्हची पॉझिटिव्ह करताना ते डावे-उजवे फिरवून घ्यावे लागते. त्या दिवशी अकरा प्लेटा टिपून झाल्या आणि दुपारी वीज गेली. तासाभराने ती आली, तेव्हा मी उरलेल्या पायऱ्या पुढे चालवल्या आणि त्यांतली फिरवण्याची पायरी माझ्याकडून राहून गेली. एरवी अशी चूक पाटीवरच्या किंवा यंत्रावरच्या अक्षरांमुळे लगेच पकडली जाते. या अकरा प्लेटांत अक्षर असे कुठेच नव्हते. एका लोखंडी टबवर, म्हणजे धातुक वाहण्याच्या गाडीवर, इंग्रजी आठाचा आकडा रंगवलेला होता, आणि इंग्रजी आठ आरशातही आठच असतो.

चुकीपेक्षा तिच्यानंतर मी जे केले, ते मला अधिक लाजिरवाणे वाटते. पाकिटावर लिहिले होते की छायाचित्र पूर्वेकडे तोंड करून घेतले आहे आणि थर दक्षिणेकडे कललेले आहेत. म्हणजे चित्रात थर उजवीकडे उतरायला हवे होते. माझ्या पडद्यावर ते डावीकडे उतरत होते. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘पाकिटावरील दिशेची नोंद चुकीची असावी.’ शंभर वर्षांपूर्वी उन्हात उभे राहून होकायंत्र पाहिलेल्या माणसाला मी वातानुकूलित खोलीत बसून खोटे ठरवले. पुढे, चित्राच्या खालच्या कडेशी तिपाईची आणि टोपी घातलेल्या माणसाची लांब सावली पडलेली होती आणि ती उजवीकडे झुकलेली होती. पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची सावली पुढे आणि उजवीकडे, म्हणजे आग्नेयेला पडायची, तर सूर्य वायव्येकडे हवा. नागपूरच्या आसपास हे फक्त भर उन्हाळ्यात, दिवस कलताना घडते. म्हणून मी काळाच्या रकान्यात ‘मे-जून, सायंकाळ’ असे लिहून टाकले. त्याच चित्रात एका म्हाताऱ्याने खांद्यावरून घोंगडी लपेटलेली होती. विदर्भातल्या मे महिन्यात घोंगडी! तिचाही मी खुलासा शोधला आणि ‘डोक्याखाली घ्यायला आणली असेल’ असे मनाशी म्हणून पुढची प्लेट उचलली. तीन पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते आणि मी तिघांची स्वतंत्रपणे समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आधी ठरल्याप्रमाणे, भंडारा जिल्ह्यातले एक निवृत्त मायनिंग मेट, म्हणजे खाणीतल्या टोळीचे मुकादम, आले. चित्रांतल्या अवजारांची खरी नावे नोंदीत यावीत म्हणून मी त्यांना बोलावले होते. वय ऐंशीच्या पुढे, हातात छत्री, आणि कानाने थोडे कमी ऐकू येत असल्यामुळे आवाज मोठा. चहा घेता घेता त्यांनी पडद्यावर पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे सगळेच डावखुरे कसे जी?”

मला प्रश्नच कळला नाही. चित्रात मध्यभागी सहा पुरुष घण उचलून स्थिर उभे होते. त्या काळच्या प्लेटेवर हालचाल पुसट उमटत असे, त्यामुळे त्यांना घण वर धरून थांबायला सांगितले असणार. एकाचे डोके तेवढे हलल्यामुळे धुरकट झालेले होते. काकांनी खुर्ची मागे सारली, छत्री दोन्ही हातांत धरली आणि मला दाखवले. उजव्या हाताच्या माणसाचा डावा हात दांड्याच्या शेवटी घट्ट असतो, उजवा हात घण उचलताना डोक्याकडे सरकतो आणि मारताना खाली घसरत येतो. घण उजव्या खांद्यावरून जातो. “आता हे पाहा. ह्याचा डावा हात वर, ह्याचा बी डावा वर, ह्याचा बी. अख्ख्या गँगमध्ये एखादा डावखुरा राहते, मेट त्याले जपून ठेवते. छन्नीवर दोघं समोरासमोर मारतात तवा तो कामी येते. सहाच्या सहा कुठून आणले?”

मी नुसता बसून राहिलो. मग माझेही डोळे उघडल्यासारखे झाले आणि नजर उजव्या कोपऱ्याकडे गेली, जिथे ताट्यांच्या सावलीत बाया धातुक फोडत बसल्या होत्या आणि दोघी टोपली भरून घ्यायला उभ्या होत्या. दोघींच्या कडेवर मूल होते आणि दोघींच्याही उजव्या कडेवर. काम करणारी बाई मूल बहुधा डाव्या कडेवर घेते, कारण उजवा हात तिला मोकळा लागतो. ही गोष्ट मी लहानपणापासून रोज पाहिलेली होती, तरी अकराही चित्रांत ती मला खटकली नव्हती.

पाकिटातून प्लेट काढून मी तिरक्या प्रकाशात धरली. मंद बाजू कोणती आणि चकचकीत कोणती, ते स्वच्छ दिसत होते. प्लेट मी बरोबरच ठेवली होती. राहिली होती ती फक्त पुढची पायरी. मी एक कळ दाबली आणि सगळी खदान एका क्षणात पालटली. थर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उजवीकडे, दक्षिणेकडे उतरू लागले. छायाचित्रकाराची सावली डावीकडे, ईशान्येला गेली, म्हणजे सूर्य नैऋत्येला आला, म्हणजे हिवाळ्यातली दुपार. भूवैज्ञानिकांचा फिरतीचा हंगामही हिवाळ्यातच सुरू होई. म्हाताऱ्याच्या घोंगडीला आता कुठल्याही खुलाशाची गरज उरली नाही. सहा माणसांचे सहा उजवे हात दांड्यावर वर सरकले.

काकांना या सगळ्याचे फारसे कौतुक वाटले नाही. खडकाची दिशा काय आणि सूर्य कुठे, यात त्यांना रस नव्हता. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि माणसे पाहायला सुरुवात केली. या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून बायांच्या कपाळावरचे कुंकू काळे ठिक्क उमटते आणि लाल लुगडे काळ्या लुगड्यासारखे दिसते, हे मी त्यांना सांगितले. उलट गोंदणाची हिरवट-निळी रेघ कातडीत मिसळून जाते, त्यामुळे दंडावर गोंदण नाही असे या चित्रावरून म्हणता येत नाही. हे ऐकून त्यांनी भिंग मागितले आणि टोपले उचलणाऱ्या बाईचा हात बराच वेळ न्याहाळला. अवजारांची नावे सांगून झाल्यावर पाकिटावरच्या तिसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांनी मला विचारला. मी म्हणालो, “खदान किती उंच आहे ते कळावे म्हणून माणसे उभी केली, असा अर्थ आहे.” त्यावर ते हसले. “मंग हाजरी देली असन का त्यायले तेवढ्या वेळाची?”

त्यांचा प्रश्न थट्टेचा होता, तरी त्यात हिशेब होता. फोडलेले धातुक मोजून त्यावर मजुरी देण्याची पद्धत या खाणींत होती; अशा मजुराने साहेबाच्या कॅमेऱ्यासमोर घण वर धरून घालवलेला वेळ त्याच्याच खिशातून जात असतो. नोंदीत हे लिहायला रकाना नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी अकराही प्रती पुन्हा केल्या. ‘दिशेची नोंद चुकीची असावी’ हा शेरा खोडला आणि त्याच्या जागी, आमच्या पद्धतीप्रमाणे, चूक कोणाची होती, ती कशी लक्षात आली आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते तारखेसह लिहिले. ‘व्यक्ती’ या रकान्यात आधी ‘मजूर, अज्ञात’ असे दोन शब्द होते. तिथे आता सात ओळी आहेत: घण मारणारे सहा पुरुष, सर्व उजव्या हाताचे, घोंगडी पांघरलेला एक वृद्ध, ताटीखाली बसून हातोड्यांनी धातुक फोडणाऱ्या पाच स्त्रिया, कडेवर मूल असलेल्या दोन, टोपले डोक्यावर घेतलेला एक मुलगा. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने छपाईची चौकट आखलेली होती. ती चौकट मी प्रतीवर लावून पाहिली, तेव्हा घणवाले सहाजण आत राहिले आणि ताटीखालच्या बाया, उभ्या दोघी आणि तो मुलगा बाहेर गेले. छापील चित्रात ते कधी आले नसावेत. काच होती म्हणून ते उरले.

मुलाच्या वयावर आमचे एकमत झाले नाही. मी ‘अंदाजे दहा’ लिहिले होते. काका म्हणाले, डोक्यावर वजन असले की पोर आहे त्याहून लहान दिसते, बारा लिहा. १९०१ च्या खाण कायद्यात बारा वर्षांखालच्याला मूल म्हटले होते. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलाला खाणीत कामावर ठेवण्यास बंदी केली. त्यावरून प्लेटेचा काळ १९२३ च्या आधीचा ठरवण्याचा मोह मला झाला, पण कायदा झाला म्हणून खदानीतले मूल त्या दिवशी घरी गेले, असे मानायला आधार नाही. काळाच्या रकान्यात मी फक्त ‘हिवाळा, दुपार’ एवढे ठेवले आणि वयाच्या रकान्यात ‘१० ते १२’ लिहिले. काकांनी ते वाचले, छत्री उचलली आणि दारातून वळून म्हणाले, “टोपलं अर्धं भरलं आहे तेबी लिहून ठेवा, नाहीतर कोणी म्हणन पोट्टा आळशी होता.”

तेही लिहिले.