आमची वाटचाल : बंद पडणाऱ्या गाड्यांची वही

बडोद्यात वाडी भागात आमचं गॅरेज आहे. बाबांनी ते १९८४ मध्ये सुरू केलं. आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेत ते लेथवर काम करायला शिकले, आणि कागदावर आकृती काढल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही ही सवय आमच्या घरात त्यांच्यापासून आली.

बाबांचा हात बसला तो पद्मिनी आणि अँबेसेडरवर. त्या काळी गाडी चालता चालता बंद पडली, तर बघायच्या जागा मोजक्या होत्या. डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं) झाकण काढा, पॉइंट घासा, कंडेन्सर बघा, कार्बोरेटरचं जेट फुंका. मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप ओढेनासा व्हायचा. मग पंपावर ओला फडका टाकून दहा मिनिटं झाडाखाली थांबायचं. बाबांनी अशा शेकडो गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखल्या.

मी आयटीआय करून गॅरेजमध्ये आलो तोवर इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या आल्या होत्या. मी हट्टाने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, घ्यायला लावला. कर्ज काढून घेतला. स्कॅनर आला म्हणजे दोष समोर लिहून येईल असं मला खरंच वाटत होतं, आणि याच समजुतीतून माझ्या हातून जी चूक झाली तिनेच आमच्या गॅरेजची आजची पद्धत ठरवली. म्हणून ती सविस्तर सांगतो.

दांडिया बाजारातल्या एक शिक्षिका होत्या. दर शनिवारी गाडी घेऊन आईला भेटायला डभोईला जायच्या. केलनपूर ओलांडलं की थोड्या वेळात गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. मी स्कॅनर लावला, एकही कोड नाही. प्लग बदलले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली. पुन्हा तेच. मग टाकीतला पेट्रोलपंप बदलला आणि छातीठोकपणे सांगितलं, आता होणार नाही. चौथ्या शनिवारी बाईंचा रस्त्यावरून फोन आला. उन्हात एकट्या उभ्या होत्या. तो आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा त्यांच्या गाडीत मागे बसून डभोईला निघाले. गाडी नेमाप्रमाणे बंद पडली. बाबांनी बोनेट उघडलंच नाही. खाली उतरले, मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. सुस्सकन हवा आत गेली. झाकण सैल ठेवून किल्ली फिरवली, गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि तशीच डभोईपर्यंत गेली.

टाकीतून जितकं पेट्रोल जातं तितकी हवा आत यावी लागते. त्या गाडीला कोणीतरी हवा आत घेणारा वाल्व्ह नसलेलं झाकण बसवलेलं होतं, आणि हवेची दुसरी नळी कुंभारमाशीने चिखलाने बुजवून टाकली होती. टाकीत निर्वात पोकळी होत गेली की पंप कितीही नवा असला तरी पेट्रोल पुढे जात नाही. बाई शनिवारी निघताना टाकी पूर्ण भरायच्या. भरल्या टाकीत वर हवेला जागा कमी, म्हणून पोकळी लवकर व्हायची. शहरात शाळा आणि घर एवढंच फिरणं, मधल्या वेळात हवा झिरपून आत यायची, म्हणून आठवडाभर गाडी ठीक वाटायची. माझा प्रत्येक नवा पार्ट त्या आठवड्यात पास होत होता!

बाबा मला एवढंच म्हणाले, "तू तीनदा गाडी उघडलीस. एकदा बाईंबरोबर डभोईला गेला असतास तर?" कॉइलचे आणि पंपाचे पैसे त्यांनी परत केले. बाई नको म्हणत होत्या, तरी केले. तेव्हापासून आमच्याकडे दोष शोधण्याचे पैसे वेगळे आणि आधी सांगून घेतले जातात, आणि आम्ही बदललेल्या पार्टने दोष गेला नाही तर त्या पार्टचे पैसे घेत नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं यामुळे तुटली. नुसतं बघायचे कसले पैसे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बदललो नाही.

तेव्हाच एक वही सुरू केली. गाडी घेताना आम्ही गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलतो आणि ते म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. गाडी थंड होती की तापलेली? टाकीत पेट्रोल किती होतं? झटक्यात बंद झाली की धाप लागल्यासारखी? दिवा मालवावा तशी झटक्यात गेली तर आम्ही आधी करंटकडे वळतो : कॉइल, रिले, क्रँक सेन्सर, इग्निशन स्विच. आचके देत गेली तर पेट्रोल. फक्त सिग्नलला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन, स्लोचा (उभ्या गाडीत इंजिन हळू चालू ठेवणारा) वाल्व्ह किंवा कुठेतरी फुटलेली व्हॅक्यूमची नळी. हे काही अटळ नियम नव्हेत, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

क्रँक सेन्सरने, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या पार्टने, आम्हाला फार छळलंय. थंड असताना मीटरवर अगदी बरोबर दिसतो, तापला की आतली तार तुटते आणि गाडी मरते, निवला की पुन्हा जुळते. आता आम्ही तो काढून केस वाळवायच्या ड्रायरने तापवतो आणि मीटरचा आकडा बघत बसतो. आरपीएमचा काटाही सांगतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना काटा एकदम शून्यावर पडला, तर संशय आधी त्याच्यावरच.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं. त्या आठवड्यात आम्ही क्रेनने आलेल्या गाड्यांचं ऑइल बदलत होतो, पण खरा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. वाळून, धुऊन निघालेल्या गाड्या अवचित बंद पडू लागल्या. कनेक्टर उघडले की आत हिरवा गंज. अर्थच्या (इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या) वायरी वरून चकचकीत, आतून सडलेल्या. तिथे बॅटरीचा व्होल्ट मोजून काही कळत नाही. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर धरायचा. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेला, तर अर्थ खराब. चार बोल्ट सोडून घासून पुन्हा आवळले, एवढ्यावर कितीतरी गाड्या बऱ्या झाल्या.

आमच्या शहरात सीएनजीच्या गाड्या भरपूर. लोक टाकीत तळाला लागेल इतकंच पेट्रोल ठेवतात. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, त्यामुळे तो जळतो, आणि गाडी पेट्रोलवरून गॅसवर जाताना थांबते. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, हे आम्ही प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

बाबा आता गॅरेजमध्ये फक्त सकाळी येतात. वह्या अकरा झाल्या. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत ती जुन्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवते.

सध्या २००२ ची एक गाडी आमच्याकडे उभी आहे. चढावर, तीन माणसं बसली असतानाच बंद पडते, एरवी नाही. पेट्रोलचं प्रेशर उभ्या गाडीत बरोबर येतं. गेजची नळी लांब करून गेज बोनेटबाहेर काढला आहे आणि पुढच्या काचेला टेपने चिकटवला आहे. रविवारी सकाळी मालक, मी आणि मुलगी, तिघं पावागडच्या रस्त्याला निघतोय.