पुतण्याच्या कांजिण्या आणि माझं डोहाळजेवण

गरोदर बाईनं माणसांत जाणं टाळावं, असा सल्ला देणाऱ्यांनी कोल्हापुरातलं एखादं घर बघितलेलं नसावं. आमच्याकडे बारसं, जावळ, वास्तुशांत, जोतिबाची यात्रा, आणि यातलं काहीच नसलं तर रविवारचा तांबडा-पांढरा. माणसं जमायला निमित्त लागत नाही.

सहाव्या महिन्यातल्या अशाच एका रविवारी धाकट्या जावेचा मुलगा निम्मा वेळ माझ्या मांडीवर बसला होता. पोरगं ठणठणीत होतं, रस्साभाकरी खाऊन अंगणात धुडगूस घालत होतं. सोमवारी संध्याकाळी जावेचा फोन. "ताई, ह्याच्या पोटावर पाण्याचे फोड आलेत. डॉक्टर कांजिण्या म्हणतात."

माझ्या डॉक्टरांनी दोन गोष्टी विचारल्या. मूल जवळ किती वेळ होतं, आणि मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून कांजिण्या पसरतात आणि एका खोलीत पंधरा मिनिटं बसलं तरी संपर्क धरतात, त्यामुळे रविवार त्यात आलाच. दुसऱ्यासाठी आईला फोन लावला. आई म्हणाली, "कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ घातलेली आठवतंय बघ. पण तुला घातली का दादाला, ते काय आता सांगता यायचं नाही."

तेव्हा रक्त दिलं. व्हॅरिसेला आयजीजी नावाची तपासणी असते. आजार पूर्वी होऊन गेला असेल तर रक्तात प्रतिपिंडं सापडतात. नसतील तर गरोदर बाईला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, आणि ते संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं, म्हणून "बघू पुढच्या आठवड्यात" चालत नाही. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची, ती गरोदरपणात देत नाहीत. मोठ्या वयात, त्यातून पोटुशी असताना कांजिण्या झाल्या तर न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मी शांतपणे ऐकलं असं मात्र म्हणवत नाही.

रिपोर्टमध्ये प्रतिपिंडं सापडली. म्हणजे तो पाला मलाच लागला होता.

इथं विषय संपला असता, पण सातव्या महिन्याचं डोहाळजेवण तोंडावर होतं आणि त्याला सांगलीहून नणंद येणार होती. तिला तिसरा महिना. तिच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पक्कं आठवत होतं की हिला कांजिण्या झालेल्या नाहीत. मी तिला तीच तपासणी करायला लावली. प्रतिपिंडं नव्हती.

आणि पुतण्याला धाकटी बहीण आहे. पुतण्याच्या खपल्या तोवर धरल्या होत्या, त्याच्याकडून आता धोका नव्हता. पण लागण झाल्यापासून फोड यायला दहा ते एकवीस दिवस जातात. शिवाय घरात एकाला झाल्या की ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशा दहांपैकी नवांना होतात. तारखा मोजल्या तर डोहाळजेवण नेमकं त्याच मुदतीत. जावेला सांगायचं कसं? "तिला कुठं काय झालंय?" हेच ती म्हणणार, आणि तेच म्हणाली. वर, "माझ्या पोरीला रोगी ठरवताय काय?"

मी रिपोर्ट तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, माझ्यासाठी नाही, मला काही होत नाही. ही काळजी नणंदेच्या बाळाची आहे. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, पोरीला तिच्या बापाजवळ ठेवतो, मी एकटीच येतो." तिला स्वतःला लहानपणी झालेल्या होत्या, त्यामुळे तिच्या येण्याला काही हरकत नव्हती. समारंभाच्या दोन दिवस आधी पोरीच्या कानामागं पहिला फोड दिसला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्यानंतर घरात कुणी वाद घातला नाही.

बाकीच्या पाहुण्यांचं आत्याबाईंनी अंगावर घेतलं. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांच्यापुढं आमच्या घरात कुणी चढ्या आवाजात बोलत नाही. "मी सांगतो सगळ्यांना, तू गप बस." आधी मी विचारून बघितलं होतं, "कुणी आजारी नाही ना?" उत्तर ठरलेलं: "छे, नुसती सर्दी हाय." या प्रश्नाचा उपयोगच नाही. आत्याबाई मात्र फोनवर एकेक विचारायच्या. घरात कुणाला ताप? कुणाच्या अंगावर पुरळ? पोराच्या शाळेत साथ आहे काय? माणसं स्वतःला आजारी म्हणवून घेत नाहीत, पण शेजारच्या बाकावरच्या पोराचं सगळं सांगतात.

पाण्याचा आग्रह आईचा. माझं माहेर इचलकरंजी. 2012 साली तिथं काविळीची मोठी साथ आली, हिपॅटायटिस ई, दूषित पाण्यातून आलेली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतते. तेव्हापासून आई पाणी खळाखळा उकळल्याशिवाय देत नाही. समारंभाला जारचं पाणी होतं, पण आम्हा दोघींसाठी आईनं घरून स्टीलचे दोन तांबे आणले आणि कापलेल्या फळांचं ताट आमच्याकडं फिरकू दिलं नाही.

खरी अडचण होती ती घास भरवण्याची. बायका एकाच वाटीतल्या एकाच चमच्यानं भरवतात, मध्येच "पोरीला पण दे गं" म्हणून चमचा पोराच्या तोंडात, परत तुमच्या तोंडात. लहान मुलांच्या लाळेतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू येतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो, त्यामुळे पोरांचं उष्टं खायचं नाही एवढं मी आधीच ठरवलं होतं. मास्क लावून बसले असते तर वर्षभर चेष्टा झाली असती. त्यापेक्षा खणानारळाच्या ताटाशेजारी स्वच्छ चमच्यांचा गठ्ठा ठेवला: जिनं भरवायचं, तिनं नवा चमचा घ्यायचा. कार्यक्रम हॉलऐवजी गच्चीवर मांडवात घेतला, जिन्याखालच्या नळावर साबण ठेवला आणि आत्याबाई तिथंच खुर्ची टाकून बसल्या. हात धुतल्याशिवाय वर कुणी नाही. गालावरून बोटं मोडणाऱ्या मावश्याही सुटल्या नाहीत.

एक मामी खोकत आल्याच. आत्याबाईंनी त्यांना परत पाठवलं नाही. खाली स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची दिली, हातात गरम चहा दिला आणि माझी ओटी लांबूनच भरून घेतली. मामी फुगल्या, पण जेवून गेल्या.

फ्लूची लस मी त्याच दरम्यान घेतली. ती मेलेल्या विषाणूची असते, कुठल्याही महिन्यात चालते. "पोटुशीला कसली लस?" हे ऐकावं लागलंच. आठव्या महिन्यात टीडॅप घेतली, तिच्यामुळे डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिपिंडं पोटातच बाळाकडे जातात. बाळाची स्वतःची डांग्या खोकल्याची लस सहा आठवड्यांनी सुरू होते, तोवर तीच काय ती शिदोरी. नणंद कांजिण्यांची लस बाळंतपणानंतर घेणार आहे.

आता आमच्याकडे बारशाची तारीख ठरते आहे. आत्याबाईंच्या फोनवरच्या प्रश्नांत एकाची भर पडली आहे: कुणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय काय? मामींना पहिला फोन लागला म्हणे.