रिजेक्ट झालेला पीस घेऊन या

फौंड्रीवाल्यांच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखानदारांच्या, परिषदेच्या आमंत्रणात मी एकच ओळ जास्तीची घातली होती, येताना तुमच्या फौंड्रीत रिजेक्ट झालेला एक पीस पिशवीत घालून आणा. बाकी सगळं नेहमीचंच, तारीख वेळ नाश्ता जेवण. पण त्या एका ओळीनं माझा फोन वाजायचा थांबेना. खरंच आणायचा काय ओ ताई? कुणाला दाखवायचा? आमचा कस्टमर कोण ते त्याच्यावरनं कळतंय की! शेवटचा मुद्दा बरोबर होता, म्हणून सांगितलं की पार्ट नंबर आणि कंपनीचं मार्किंग ग्राइंडरनं घासून काढा आणि मग आणा.

मी बेळगावात परिषदा, वर्कशॉप, डीलर मीट अशी कामं बघते. हे काम होतं उद्यमबाग, मच्छे भागातल्या छोट्या फौंड्रीवाल्यांच्या परिषदेचं. आधीच्या वर्षांचे कार्यक्रम मी बघितलेले होते. सकाळी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग बाहेरनं आलेल्या तज्ज्ञांची चार भाषणं, अंधार करून स्लाइड, आणि शेवटी "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत". तज्ज्ञ चांगलेच होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण खरी परिषद भरायची बाहेर चहाच्या टेबलाजवळ. तिथं कोण म्हणायचा यंदा बेंटोनाईट, म्हणजे साच्याची वाळू धरून ठेवणारी माती, बरा येत नाही, कोण म्हणायचा माझ्याकडं ये बघून जा. चहा संपला की सगळे परत आत जाऊन गप्प.

अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन नावाच्या माणसाला हेच दिसलं होतं. वर्षभर राबून त्यानं एक मोठी परिषद घेतली आणि लोकांनी सांगितलं की सगळ्यात चांगलं काय झालं असेल तर ते चहाचे ब्रेक. त्यातनं १९८५ साली त्यानं ओपन स्पेस नावाची पद्धत उभी केली, अजेंडा आधी छापायचा नाही, आलेल्या लोकांनी सकाळी गोल बसून स्वतः ठरवायचा. त्यात दोन पायांचा नियम आहे, जिथं बसलाय तिथं तुम्ही काही शिकतही नाही आणि देतही नाही असं वाटलं तर उठायचं आणि दुसऱ्या टेबलाला जायचं, कुणी राग मानायचा नाही. १९९५ मध्ये आलेली वर्ल्ड कॅफे म्हणून अजून एक पद्धत आहे, चार-पाच जणांचं टेबल, वीसेक मिनिटं बोलणं, मग टेबल बदलायचं. मी दोन्हीतलं आपल्याला झेपेल तेवढं उचललं.

आता आपल्या गावाला संमेलनं काही नवीन नाहीत. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये इथंच टिळकवाडीला भरलं, आणि आजही कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, अख्खं गाव राबतं. मंडप, स्टेज, स्वागताध्यक्ष हे आपल्याला तोंडपाठ आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण कविता ऐकायला बसणं वेगळं आणि धंद्यातली अडचण सोडवायला जमणं वेगळं, त्याला खुर्च्यासुद्धा वेगळ्या मांडाव्या लागतात. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना हे पटवताना घाम निघाला. पाहुणे कुठं बसणार? स्टेज नसेल तर फोटो कसा येणार? शेवटी असं ठरलं की पहिली पंधरा मिनिटं सगळं रीतसर करायचं आणि मग स्टेजकडं पाठ.

तर त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्यांचं मोठं वर्तुळ आणि मध्ये सतरंजीवर मांडलेले पीस. पंप केसिंग, ब्रॅकेट, व्हॉल्व्ह बॉडी, काही अर्धे कापलेले. लोक नमस्कार-चमत्कार करायच्या आधी तिथंच वाकून बघायला लागले. ज्यांची एकमेकांशी वर्षानुवर्षं फक्त कोटेशनवरनं गाठ, ते दोघं एकाच ब्रॅकेटवर बोट ठेवून बोलताना मी बघितले आणि मला बरं वाटलं, म्हटलं आज होणार काहीतरी.

पहिल्या फेरीत प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या होत्या, मी कोण, मला आज काय विचारायचंय आणि मला काय येतं जे मी दुसऱ्याला सांगू शकतो. मराठी, कन्नड, हिंदी, जी जिभेवर येईल ती भाषा. तिसऱ्या प्रश्नाला सगळे अडखळले. मालक लोक झटकन बोलले, पण वाळूचे साचे करणारे मोल्डर, साच्यासाठी नमुना करणारे पॅटर्नवाले, सुपरवायझर म्हणायला लागले, आम्हाला काय येतंय, आम्ही आपलं काम करतो. तिथं मी थांबले, घाई केली नाही. मग निवृत्त झालेले एक पॅटर्नमेकर काका म्हणाले, "लाकडाला हात लावला की मला ओल कळतीया, मीटर लागत न्हाई," आणि तिथनं बाकीचे सुटले की सुटलेच.

प्रश्न कार्डांवर लिहून भिंतीला लावले आणि सारखे सारखे एकत्र केले. सगळ्यात मोठा गठ्ठा झाला पावसाळ्यातल्या ब्लोहोलचा, म्हणजे कास्टिंगमध्ये, ओतून केलेल्या पीसमध्ये, गॅसनं पडणाऱ्या भोकांचा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, जुलैत हवेतच पाणी असतंय, वाळू ओली, कोअर (पीसमध्ये पोकळी ठेवायला साच्यात बसवतात तो वाळूचा तुकडा) ओला, आणि तेराशे-चौदाशे डिग्रीचं लोखंड त्याच्यावर पडलं की त्या पाण्याची वाफ होते, ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, तिला बाहेर पडायला वाट नसली की कास्टिंगमध्येच अडकते. हे भिंतीवर दिसल्यावर बाहेरनं आलेल्या वक्त्यांनी स्वतःहून ऑटोमेशनचं भाषण बाजूला ठेवलं आणि त्या टेबलाला जाऊन बसले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

त्या टेबलावर जे झालं ते लिहायलाच हवं. एका मालकांनी व्हॉल्व्ह बॉडी आणली होती, मधोमध कापलेली, जाड भागात वाटाण्याएवढी भोकं. त्यांचं म्हणणं हे श्रिंकेज, लोखंड थंड होताना आकसतं आणि वरनं भर कमी पडते, म्हणून ते रायझर, म्हणजे ती भर देणारा लोखंडाचा जादा साठा, वाढवत चालले होते. रायझर वाढवला की तेवढं लोखंड जास्त वितळवायचं, म्हणजे विजेचं बिल, आणि रिजेक्शन तर तसंच. शेजारी कंग्राळीकडचे एक मेस्त्री बसले होते. त्यांनी पीस मांडीवर घेतला, करंगळी भोकात घातली, हळूच फिरवली.

"ह्ये आतनं गुळगुळीत लागायलंय बगा. श्रिंकेज आसतं तर खरखरीत लागलं आसतं, बोटाला टोचतंय ते. ह्ये गॅसचं हाय."

मालकांनी स्वतः बोट घातलं. मग वक्त्यांनी घातलं. ते म्हणाले, मेस्त्री बरोबर सांगतायत. आता गॅस येतो कुठनं, वाळूतनं की कोअरमधनं? मालक म्हणाले वाळूची ओल आम्ही रोज तपासतो, तीन-साडेतीन टक्क्यांच्या वर जात नाही. मग सगळे गप्प झाले.

आणि तेव्हा मागं उभा असलेला, त्या मालकांच्याच फौंड्रीतला ओडिशाचा पोरगा बोलला. तो आला होता पीस उचलायला म्हणून, पण वर्तुळात सगळ्यांना खुर्ची हा नियम मी दारातच सांगितला होता आणि पहिल्या फेरीत त्यानंही नाव सांगितलं होतं, मला कोअर बनवायला येतं असं म्हणाला होता. तो म्हणाला, "साब, कोअर तो रात का रहता है." कोअर संध्याकाळी तयार होऊन रॅकवर राहायचे आणि मेटल पडायचं दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. सिलिकेट घालून सीओटू वायूनं घट्ट केलेले कोअर, ते हवेतली ओल ओढून घेतात हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण तो रॅक कुठं आहे हे फक्त त्या पोराला ठाऊक. उघड्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीजवळ.

मालक त्याच्याकडं वळून बसले आणि विचारायला लागले, किती तास राहतात, झाकतोस काय, मोल्डमध्ये बसवायच्या आधी गरम करतोस काय. एक गोकाककडचे सुपरवायझर कन्नडमध्ये सांगत होते की आम्ही पावसाळ्यात लागतील तेवढेच कोअर सकाळी करतो, त्यांचं मेस्त्री मराठीत सांगत होते, मालक हिंदीत. पलीकडच्या टेबलावरनं लोक उठून इकडं यायला लागले, दोन पायांचा नियम मी परत सांगायची गरजच पडली नाही. जेवणाची वेळ झाली तरी कुणी हलेना, शेवटी केटरिंगवाल्यांना थोडं थांबा म्हणून सांगून आले.

सगळ्या टेबलांवर असं झालं नाही. मार्केटिंगचं टेबल लवकर ओस पडलं, कारण आपला कस्टमर कोण हे कोण सांगणार? ते साहजिकच आहे, तो विषय अशा खुल्या बैठकीत पुढच्या वेळी ठेवणार नाही. पण डिफेक्ट, वाळू, पॅटर्न, कामगार टिकत नाहीत हा प्रश्न, या टेबलांवर लोक संध्याकाळपर्यंत होते.

समारोपात भाषण नव्हतं. प्रत्येकानं एका कार्डावर लिहायचं, सोमवारी मी काय वेगळं करणार आणि कुणाला फोन करणार. त्याच्या दोन प्रती, एक स्वतःकडं आणि एक ज्याला फोन करणार त्याच्या हातात. त्या मालकांनी कार्ड मेस्त्रींच्या हातात दिलं आणि पुढच्याच आठवड्यात मेस्त्री त्यांच्या फौंड्रीत जाऊन आले. कोअरचा रॅक आता आतल्या खोलीत आहे, बल्ब लावून गरम ठेवलेल्या कपाटात, आणि रायझर परत पहिल्या मापावर आणलाय. भोकं पूर्ण गेली नाहीत, कमी झालीत, मेस्त्रींचं म्हणणं आता व्हेंटिंग, म्हणजे गॅस बाहेर पडायच्या वाटा, बघायला पाहिजे. तो पोरगा त्यांच्याबरोबर असतो.

पुढची बैठक गणपती झाल्यावर, हॉल न घेता एका फौंड्रीच्या शेडमध्येच घेऊया असा निरोप संघटनेकडनं आलाय. पिशवी आणायची ओळ आमंत्रणात ठेवा असंही त्यात लिहिलंय.