तुम्ही विचारलंत म्हणून: घरात काहीच घडत नाही, मग रोज चार चौकटी भरायच्या कशा?

घरगुती विषयांवर चित्रमालिका काढू पाहणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. उत्तरासाठी जपानी चित्रकथाकार माचिको हासेगावा यांचं काम बघावं. किशोरवयातच त्या सुइहो तागावा या नामांकित मांगाकाराच्या (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) हाताखाली शिकल्या. एप्रिल १९४६ मध्ये फुकुओकातल्या एका सायंदैनिकात त्यांची 'साझाए-सान' ही चार चौकटींची चित्रमालिका सुरू झाली, १९४९ पासून 'आसाही शिंबुन' या मोठ्या दैनिकात आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये थांबली. मध्ये खंड पडले, तरी एकूण भाग भरले ६,४७७.

एवढे विषय आले कुठून? घटनांमधून नाही, माणसांमधून. घरात सात जण: साझाए, नवरा, मुलगा, आई-वडील, धाकटा भाऊ, धाकटी बहीण. प्रत्येकाची एक खोड पक्की. साझाए वेंधळी, भाऊ खोडकर, वडील तापट. त्यामुळे एकच वस्तू सात जणांच्या हाती दिली की सात वेगळे विनोद होतात. नवशिके उलटं करतात: आधी विनोद शोधतात, मग त्याला माणूस चिकटवतात. महिनाभरात गाडी अडते.

चार चौकटींची कामं ठरलेली असतात: सुरुवात, पुढचं पाऊल, कलाटणी, शेवट. समजा, वस्तू छत्री आहे आणि माणूस वेंधळी बायको. पहिल्या चौकटीत घराच्या आत ती नवऱ्याची छत्री उचलते, खिडकीबाहेर पाऊस. दुसरीत स्टेशनवरची गर्दी, आणि त्या डोक्यांवर मिटलेली छत्री उंचावणारा तिचा फक्त हात. तिसरीत ती ऐटीत छत्री पुढे करते, स्वतः मात्र नखशिखान्त भिजलेली. चौथीत दोघं एकाच छत्रीतून घरी.

इथे सगळा खेळ दुसऱ्या चौकटीचा आहे. तिथे तिचा ओला पदर जरी दिसला (जपानी घर असेल तर किमोनोची बाही म्हणा), तरी कलाटणी आधीच फुटते. गर्दी नुसती शोभेची नाही, ती तिला लपवायला आहे. दुसरी हमखास चूक चौथीत होते: "अगंबाई, माझी छत्री घरीच राहिली!" वाचकाला जे तिसरीत कळलं तेच तिथे पुन्हा सांगितलं जातं. चौथी चौकट मुकी ठेवून बघा. आपल्या दिवाळी अंकांतल्या एका चौकटीच्या हास्यचित्राची सवय असलेल्यांकडून ही पुन्हा सांगण्याची चूक फार होते, कारण तिथे सगळं एकाच जागी सांगावं लागतं.

जपानी मजकूर उजवीकडून सुरू होतो, म्हणून आधी बोलणारा उजवीकडे उभा असतो. मराठीत त्याला डावीकडे उभं करा, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. संवादाच्या फुग्यात दोन ओळींच्या वर जाऊ नका. चित्र छपाईच्या आकाराहून मोठं काढा, पण बारीक, दाट रेघोट्या टाळा: लहान केल्यावर वर्तमानपत्राच्या कागदावर त्यांचा काळा डाग होतो.

पुस्तकाच्या आकाराचंही बघा. हासेगावा भगिनींनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. 'साझाए-सान'चा पहिला खंड मोठ्या आकाराचा होता, दुकानदारांना मांडायला अडचण झाली आणि प्रती परत येऊ लागल्या. दुसरा लहान आकारात काढला आणि खपला.

एक धोका मात्र टळत नाही. रोजचं जगणं फार लवकर जुनं होतं. साझाए आणि तिचा नवरा तिच्या माहेरी का राहतात? मूळ मालिकेत नवऱ्याने सरपणासाठी भाड्याच्या घराचं कुंपण कापलं, घरमालकाशी वाजलं आणि बिऱ्हाड हललं. युद्धानंतरची जळणटंचाई ज्यांनी भोगली त्यांना हे लगेच कळलं. आज तळटीप द्यावी लागते. म्हणून मूळ चित्राच्या मागे तारीख लिहा, आणि गॅस, रेशन, भाडं असं काही त्या दिवसात गाजत असेल तर तेही एका ओळीत नोंदवून ठेवा.