कॉमिक्सचे खराब अंक बदलून मिळेपर्यंत : माझा अनुभव

माझ्या मुलीच्या चित्रकथा मासिकाचे खराब झालेले अंक बदलून मिळायला चार महिने लागले आणि त्यांपैकी जवळजवळ तीन महिने, नुकसान टपालात झाल्याचा ‘टपाल कार्यालयाचा दाखला’ आणा, या एका मागणीपाशी अडून राहिले. असा दाखला देण्याची पद्धतच नाही, हे तो मागणाऱ्या प्रकाशकाने मला कधी सांगितले नाही आणि टपाल कार्यालयाने सांगितले तेव्हा मागणाऱ्याने ते मानले नाही. काम होऊन गेले तरी त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून जे घडले ते लिहून ठेवते आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. मुलगी दहा वर्षांची झाली, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून जून २०२५ पासून वर्षाच्या बारा अंकांची वर्गणी भरली. पैसे भरणे, पत्ता देणे, पावती मिळणे हे सारे दहा मिनिटांत झाले आणि जूनचा पहिला अंकही धडधाकट आला.

जुलैचा अंक आला तो मधोमध घडी पडून, आणि ही घडी हाताने सरळ करण्यासारखी नव्हती. गठ्ठा बांधलेल्या सुतळीने कडेला खाच पाडली होती, पाठीच्या दोन पिनांपैकी एक निसटली होती आणि मुखपृष्ठावरचा रंग घडीच्या रेषेवर सोलून निघून खालचा पांढरा कागद दिसत होता. ऑगस्टच्या अंकाची अवस्था याहून वाईट होती, कारण तो भिजलेला होता. पुष्कळांना ही किरकोळ गोष्ट वाटते आणि ‘वाचता येतो ना’ असे मला घरातूनही ऐकावे लागले. नुसत्या मजकुराच्या पानावर घडी पडली तर शब्द वाचता येतात, पण चित्रकथेत चित्र हीच गोष्ट असते. जुलैच्या अंकात दोन्ही पानांवर पसरलेले एक मोठे चित्र होते आणि पांढरी भेग नेमकी त्यातल्या माणसाच्या चेहऱ्यावरून गेली होती. तो घाबरला आहे की हसतो आहे हे कळत नव्हते आणि पुढच्या चौकटीचा अर्थ त्यावरच अवलंबून होता. ऑगस्टच्या अंकात क्रमशः येणाऱ्या कथेची चार पाने एकमेकांना चिकटली होती आणि सोडवताना त्यांची चित्रे उलट बाजूच्या पानावर उतरली. त्या महिन्यात मुलीच्या हाती जे आले त्याला मी अंक म्हणणार नाही.

जुलैच्या अंकाबद्दल मी त्याच दिवशी छायाचित्रांसह प्रकाशकाच्या वर्गणी विभागाला ईमेल केला. नऊ दिवसांनी उत्तर आले की, अंक आमच्याकडून सुस्थितीत टपालात टाकला जातो, त्यानंतर झालेले नुकसान टपालाकडून झालेले असते, तरी संबंधित टपाल कार्यालयाचा तसा दाखला सात दिवसांच्या आत पाठवल्यास विचार करू. सात दिवस अंक मिळाल्यापासून मोजायचे होते, म्हणजे उत्तर माझ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. हे मी लगेच कळवले आणि तरीही दाखला आणते असे लिहिले, कारण तोपर्यंत मला वाटत होते की एका फेरीत काम होईल.

टपाल कार्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला तो नंबरचा. स्पीड पोस्टच्या पाकिटावर दोन अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी दोन अक्षरे असा तेरा चिन्हांचा क्रमांक असतो. तो दिला की वस्तू कुठे, केव्हा, कुणाच्या हातात होती याची नोंद निघते. माझ्या अंकाच्या वेष्टनावर फक्त पत्त्याची चिठ्ठी होती. क्रमांक नाही म्हणजे नोंद नाही आणि नोंद नाही म्हणजे दाखला कशाचा द्यायचा, हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी तेच वर्गणी विभागाला कळवले. पुन्हा आठ दिवसांनी उत्तर आले, त्यात पहिल्या उत्तरातलीच वाक्ये होती. दरम्यान ऑगस्टचा भिजलेला अंक आला, त्याचीही तक्रार केली, त्यालाही तेच उत्तर मिळाले. फोन केला की ‘ईमेल करा’ आणि ईमेल केला की ‘दाखला पाठवा’, असे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालले. त्या काळात मी टपाल कार्यालयात चार वेळा गेले. त्यासाठी दोनदा अर्ध्या दिवसाची रजा घेतली, कारण खिडकीची वेळ आणि माझ्या नोकरीची वेळ एकच आहे. कुणी माझ्याशी उद्धटपणे बोलले नाही, परंतु दोन्हीकडची माणसे नम्रपणे एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि त्या नम्रतेचाच मला जास्त त्रास झाला.

चौथ्या फेरीत पोस्टमास्तरांनी मला बसवून घेतले आणि अंकाच्या आतल्या पानावरची बारीक अक्षरांतली ओळ वाचायला सांगितली. तिथे मासिकाचा टपाल खात्याकडचा नोंदणी क्रमांक होता आणि अंक मुंबईच्या पत्रिका चॅनेल सॉर्टिंग ऑफिसमधून (नियतकालिकांची वर्गवारी करणाऱ्या टपाल केंद्रातून) ठरावीक तारखांना टाकला जातो असे छापले होते. त्यांनी समजावले ते असे. हे मासिक ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ म्हणून सवलतीच्या दरात येते. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या एका प्रतीला २५ पैसे, शंभर ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि पुढच्या प्रत्येक शंभर ग्रॅमला २० पैसे असा हा दर आहे. एवढ्या सवलतीच्या बदल्यात अट अशी की, आत दुसरे काही नाही हे तपासता यावे म्हणून अंक एकतर उघडा पाठवायचा किंवा टोके मोकळी असलेल्या वेष्टनात. माझ्या अंकाभोवतीची कागदी पट्टी दोन्ही बाजूंनी उघडी का होती, हे मला त्या दिवशी समजले. मुंबईहून पिशवी निघते, रेल्वे मेल सर्व्हिस या टपाल खात्याच्याच शाखेत वर्गवारी होते, पत्रांसोबत गठ्ठा बांधला जातो, पुन्हा पिशवी, पुन्हा गठ्ठा, आणि कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक चढउतारीला पाऊस असतो. पोस्टमनकाकाही मला म्हणाले होते, ‘ताई, माझ्या हातात येतो तोच असा येतो.’ तेव्हा मला ती सबब वाटली होती, आणि त्याबद्दल मी नंतर त्यांची क्षमा मागितली.

पोस्टमास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन पडताळून पाहिली. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ च्या कलम १० नुसार, एखाद्या सेवेसाठी नियमांत जेवढे दायित्व, म्हणजे कायदेशीर जबाबदारी, ठरवलेले असेल तेवढे सोडून टपाल कार्यालयावर आपल्या सेवांबद्दल कोणतेही दायित्व येत नाही. त्याआधीच्या १८९८ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. म्हणजे सवलतीच्या दरात, क्रमांकाशिवाय आलेल्या अंकाच्या नुकसानीचा दाखला मागणे हे ज्याच्याकडून काही निघणार नाही त्याच्या दारात मला उभे करणे होते. वेष्टन कोणते वापरायचे, कोणत्या दराने पाठवायचे हे प्रकाशक ठरवतो. त्यात वर्गणीदाराला विचारले जात नाही. ज्याने निवड केली त्यानेच परिणामाची जबाबदारी घ्यायला हवी असे माझे ठाम मत आहे आणि तसेच मी पुढच्या पत्रात लिहिले.

सप्टेंबरचा अंक बरा आला. ऑक्टोबरच्या अंकाचे मुखपृष्ठ कोपऱ्यात फाटलेले होते. मग मी पद्धत बदलली. पोस्टमास्तरांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहिला, त्यात तिन्ही अंकांचे महिने, मिळाल्याच्या तारखा आणि नुकसानीचे वर्णन दिले, सोबत छायाचित्रे जोडली आणि दोन प्रती घेऊन गेले. एक प्रत त्यांनी ठेवली आणि दुसरीवर गोल तारखेचा शिक्का मारून, सही करून पोच म्हणून परत दिली. कोणत्याही कार्यालयात अर्ज करताना दुसरी प्रत न्यावी, हे मला आधीच सुचायला हवे होते. त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली. मग वर्गणी विभागाला एकच सविस्तर पत्र लिहिले. त्यात शिक्क्याच्या पोचेचे छायाचित्र, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक आणि एक वाक्य होते : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तेव्हा पंधरा दिवसांत अंक न मिळाल्यास मी रत्नागिरीला तक्रार दाखल करीन. धमकी म्हणून मी हे लिहिले नव्हते. तक्रारीचा मसुदा खरोखर तयार होता.

तीन दिवसांत उत्तर आले. ‘टपाल कार्यालयाचा दाखला मिळाला’ असे त्यात लिहिले होते! ती पोच म्हणजे माझा अर्ज मिळाल्याची खूण होती. अंक कुणामुळे खराब झाला याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते. असा कागद मी जुलैमध्येच देऊ शकले असते, पण त्यांना नेमके काय चालेल हे विचारल्यावर कुणी सांगितले नव्हते. तुमच्याकडे कुणी असा दाखला मागितला तर त्याचा नमुना किंवा मजकूर लेखी मागा. नमुना देता येत नसेल तर तो दाखला त्यांनीही पाहिलेला नसतो.

भिजलेल्या अंकाबद्दल एक गोष्ट राहिली. गुळगुळीत कागदाला बारीक मातीचा किंवा खडूचा लेप दिलेला असतो, तो धरून ठेवणारा चिकट घटक पाण्याने सैल होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला घट्ट बसतो. म्हणून पाने ओली असतानाच हलक्या हाताने वेगळी करून प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घालावा आणि वर सपाट वजन ठेवून पंख्याखाली वाळवावे. मी अंक उन्हात ठेवला, त्यामुळे चार पाने कायमची गेली. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे पाने वाळून चिकटत नाहीत. मात्र छायाचित्रे त्याआधी काढावीत आणि वेष्टन फेकू नये, कारण पत्त्याची चिठ्ठी आणि असल्यास तारखेचा शिक्का त्यावरच असतो. मी जुलैचे वेष्टन टाकून दिले होते आणि त्यावरून दोन ईमेल जास्त लिहावे लागले.

पुढच्या अंकांसाठी मी रजिस्टर टपालाची मागणी केली, तेव्हा खिडकीवरूनच कळले की १ सप्टेंबर २०२५ पासून ती सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. म्हणून उरलेल्या अंकांचे जादा टपालशुल्क भरून ते स्पीड पोस्टने, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून पाठवण्याचे प्रकाशकाने मान्य केले. हा खर्च वर्गणीदारावर पडू नये असे मला वाटते, तरीही मी तो आनंदाने भरला, कारण आता वेष्टन बंद असते, क्रमांक असतो आणि पोस्टमनकाका अंक फाटकाच्या गजांत न खोचता हातात देऊन सही घेतात. ज्यांना हा खर्च नको असेल त्यांनी वर्गणी भरतानाच पावसाळ्याचे चार अंक एकत्र, बंद पाकिटात पाठवाल का असे विचारावे. मला हा पर्याय नंतर, फोनवर बोलता बोलता मिळाला. नुसती ‘घडी घालू नये’ ही सूचना लिहून घेण्यावर विसंबू नये, कारण गठ्ठा बांधताना प्रत्येक अंकावरची सूचना कुणी वाचत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पुठ्ठ्याचे पाकीट आले, त्यात जुलै आणि ऑगस्टचे नवेकोरे अंक होते. ऑक्टोबरचा शिल्लक नव्हता, त्याबदली वर्गणी एका महिन्याने वाढवून मिळाली. मुलीने जुलैच्या अंकाकडे पाहिलेही नाही. तिने ऑगस्टचा अंक घेऊन ती चार पाने काढली आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली.