दोन टाइप-सी आणि एक जॉबशीट

पोर्ट खराब आहे असं सांगत लॅपटॉप आला की मी आधी टॉर्च काढतो, मल्टिमीटर नंतर. बरेचदा आत नुसता कचरा असतो: बॅगेच्या तळाशी साठलेली लव, पेन्सिलीची भुकटी, आणि हे इंदूर असल्यामुळे शेव. लाकडी टूथपिक, मऊ ब्रश, दोन थेंब आयपीए (पटकन उडून जाणारं सफाईचं अल्कोहोल), की झालं काम. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, यानं काही केलंच नाही आणि पैसे मागतोय.

आर. एन. टी. मार्गावरच्या कॉम्प्युटर मार्केटात मी चिप-लेव्हलची, म्हणजे बोर्डावरच्या बारीक चिपा बदलण्याची, कामं करतो. दुकान सेठजींचं, आतलं टेबल माझं. एरवी गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ माझ्यावर येत नाही, पण त्या दिवशी काउंटरवरचा मुलगा माल आणायला गेला होता आणि बाई थेट आत आल्या. एका कापडी पिशवीत लॅपटॉप, दुसरीत निळ्या टोकाची जाड वायर, हातात दोनशे पानी वही. "भैया, ज़रा देखिए" अशी सुरुवात झाली. तेवढ्यात घरून फोन आला, मी मराठीत दोन शब्द बोललो, आणि फोन ठेवेपर्यंत मी भैयाचा 'तू' झालो होतो.

लोकमान्यनगरच्या, निवृत्त चित्रकला शिक्षिका. लॅपटॉप भाच्यानं दिलेला, वॉरंटी संपलेली. येत्या रविवारी एका मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांवर व्याख्यान होतं. बेंद्रे इंदूरचे, जन्म १९१०चा, सुरुवातीचं शिक्षण इथल्याच चित्रशाळेतलं, आणि १९५०मध्ये बडोद्याला जाऊन त्यांनी तिथला चित्रकला विभाग उभा केला, हे मला टेबलाशी बसायच्या आत समजलं. चित्रं पडद्यावर दाखवायची होती. हॉलचा प्रोजेक्टर जुना, व्हीजीए, म्हणजे ती निळ्या टोकाची जुन्या पद्धतीची वायर, सोडून दुसरं काही न घेणारा. बाईंनी बाजारातून टाइप-सीला व्हीजीए जोडणारा ॲडॅप्टर आणला, लावून पाहिला, पडदा काळाच.

म्हणून त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या होत्या. तिथली जॉबशीट, म्हणजे दोष आणि उपाय लिहिलेला कागद, त्यांनी माझ्यासमोर ठेवली. टाइप-सी पोर्ट नॉट वर्किंग, बोर्ड रिप्लेसमेंट ॲडव्हाइस्ड. खर्च अठ्ठावीस हजार पाचशे.

खरोखर मेलेलं टाइप-सी पोर्ट मला ओळखता येतं, कारण हे काम मी रोज करतो आणि या मार्केटात ते नीट करणारे फार नाहीत. त्या इवल्याशा तोंडात २४ पिना असतात, बारा वर, बारा खाली. त्यात सीसी नावाच्या दोन, एक वरच्या ओळीत, एक खालच्या. चार्जर लावला की आधी फक्त पाच व्होल्ट येतात. मग सीसीवरून चार्जर आणि लॅपटॉप यांची बोलणी होतात आणि ठरलं की वीस व्होल्ट सुरू. प्लग सुलटा असेल तर बोलणी एका सीसीवर, उलटा असेल तर दुसरीवर. म्हणून "एका बाजूनं घातलं तरच चार्ज होतं" असं कोणी म्हणालं की मी हसतो, बिघाडाचं निदान त्या गिऱ्हाइकानंच करून आणलेलं असतं. वाईट म्हणजे सीसीच्या शेजारचीच पिन वीस व्होल्टची. मध्ये अंतर अर्धा मिलिमीटर. तिथे ओला कचरा अडकला आणि वीस व्होल्ट सीसीवर उडी मारून गेले, की बोलणी करणारी चिपच जळते. मग टेस्टर, म्हणजे पोर्टात किती व्होल्ट येतात ते दाखवणारी डबी, पाचवर अडकून बसतो. अशा वेळी बोर्ड तापवायला खालून प्रीहीटर, वरून हॉट एअर, डाग नीट वितळावा म्हणून भरपूर फ्लक्स, जुनं पोर्ट उचलायचं, मायक्रोस्कोपखाली पॅड साफ करून नवं बसवायचं आणि चिप बदलायची. बोर्ड तोच राहतो. अधिकृत सेंटरवाले यातलं काहीच करत नाहीत, त्यांना बोर्ड बदलणं एवढंच येतं किंवा एवढ्याचीच परवानगी असते.

तर बाईंच्या लॅपटॉपला डावीकडे एक टाइप-सी, उजवीकडे एक. डावीकडच्याला टेस्टर लावला. वीस व्होल्ट. प्लग उलटा केला, वीस. उजवीकडे माझा तपासणीचा पेनड्राइव्ह लावला, सुलटा आणि उलटा, दोन्हीकडून पूर्ण वेगानं कॉपी झाली. पोर्टं ठणठणीत.

"ॲडॅप्टर कुठे लावला होतात, काकू?"

"इकडे. हॉलमध्ये टेबलाच्या उजव्या अंगाला वायर येते ना."

आणि त्यांनी वही उघडली. त्या वहीबद्दल मला सांगितलंच पाहिजे. लॅपटॉपच्या दोन्ही कडा त्यांनी मापात काढल्या होत्या, मऊ पेन्सिलीनं, छाया देऊन. प्रत्येक भोकाला आकडा. समोर दोन रकाने: 'काय?' आणि 'कशासाठी?' बहुतेक रिकामे. उजव्या टाइप-सीच्या पुढे मात्र तारीख घालून, वळणदार अक्षरात, स्क्रीनच्या कोपऱ्यात क्षणभर येऊन गेलेला संदेश उतरवलेला होता: डिस्प्ले कनेक्शन माइट बी लिमिटेड. खाली लिहिलेलं, 'म्हणजे काय? विचारणे.'

म्हणजे यंत्रानं स्वतःच सांगितलं होतं. या पोर्टातून चित्र जात नाही, दुसरीकडे लावा, असाच त्या संदेशाचा अर्थ. बाईंनी हे पान सेंटरवरच्या मुलालाही दाखवलं होतं. तो म्हणाला, "वो तो आता रहता है, आंटी."

त्या मुलावर रागावण्याआधी मला या धंद्यावरच रागवायचं आहे. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे, २०१४मध्ये ठरलेलं. त्यातून काय वाहायचं ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. चार्जिंग, डेटा, चित्र, तिन्ही एका तोंडातून देता येतात. पण चित्र द्यायचं तर ग्राफिक्सच्या लाइनी तिथवर ओढाव्या लागतात, त्या वळवणारी आणखी एक चिप लागते, आणि स्वस्तातल्या मॉडेलांत दुसऱ्या पोर्टाला तेवढा खर्च कोणी करत नाही. बरं, नाही केला तर नाही, पण लिहा तरी! चिन्हं होती. टॉर्च आडवी धरल्यावर दिसली. डावीकडे इवलासा प्लग आणि डी-पीचं, म्हणजे डिस्प्लेपोर्टचं, चिन्ह: इथून चार्जिंग आणि चित्र. उजवीकडे एसएस आणि १०, म्हणजे नुसता वेगवान डेटा. राखाडी पत्र्यावर राखाडी शाई. साठीच्या माणसानं ते वाचावं, ही अपेक्षा ठेवणारा डिझायनर एकदा भेटला पाहिजे.

चौकोनी यूएसबीचंही तेच. २००८मध्ये यूएसबी ३.० आलं, ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) वेगाचं, आणि ओळखायला आत निळी जीभ देण्याची रीत पडली. पण रंग सक्तीचा नव्हता, म्हणून आता पुष्कळ कंपन्या काळीच देतात. वर त्याच ५ जीबीपीएसला आधी ३.१ जेन १ म्हणायला लागले, मग ३.२ जेन १. वस्तू एकच, बारशी तीन. गिऱ्हाईक खोक्यावर ३.२ वाचून खूश होतं आणि घरी जाऊन जुन्याच वेगानं फोटो कॉपी करत बसतं.

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. उजव्या कडेच्या टोकाचं एक चपटं भोक त्यांना फार छळत होतं, त्यात टूथपिक घालून पाहिली तर आत काहीच लागलं नव्हतं. ते कुलपाचं. केबलचं लॉक अडकवून लॅपटॉप टेबलाला बांधून ठेवतात. "एवढंच?" म्हणाल्या, आणि रकान्यात 'कुलूप' लिहून पुढे गेल्या.

मग मी माळ्यावरून एक जुना व्हीजीए मॉनिटर काढला. त्यांचा ॲडॅप्टर डावीकडे लावला, त्यात हॉलमधून आणलेली वायर. चित्र लगेच आलं. मी वायर तपासायला वाकेपर्यंत बाई म्हणाल्या, "याचा लाल गेलाय."

खरंच गेला होता. मॉनिटरवर सगळं निळसर हिरवं. व्हीजीए १९८७चं, आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर आलेलं. त्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या पिनांवरून ॲनालॉग रूपात जातात, पहिली पिन लालची. ती गेली की चित्र येतं, फक्त लाल रंगाशिवाय. वायर उपसून भिंगाखाली धरली. बाईंनीही वाकून पिना मोजल्या. "चौदाच आहेत. पंधरा म्हणालास ना तू? एक तुटली." ती तुटलेली नव्हती. मधल्या ओळीतली नववी पिन बऱ्याच वायरींमध्ये मुळातच नसते, आणि त्यावरून आजवर कित्येक चांगल्या वायरी कचऱ्यात गेल्या असतील. दोष पहिल्या पिनेत होता, ती पार आडवी झोपली होती. कोणीतरी वायर तिरकी दाबून घुसवलेली. बारीक चिमट्यानं ती मुळाशी धरून हळूहळू उभी केली. घाई केली तर पिन हातात येते. पुन्हा लावली आणि लाल परतला. बाई काही न बोलता चित्र बघत राहिल्या, मीही पाहिलं. रंगांतलं मला काही कळत नाही, पण मघाशी काय गेलं होतं ते कळलं.

एक अडचण उरली होती. चित्र देणारं पोर्ट एकच, आणि चार्जिंगही त्याच पोर्टातून. दीड तासाचं व्याख्यान, बॅटरी दोन वर्षं जुनी. म्हणून मी मधून चार्जर लावता येईल असा हब, म्हणजे एका पोर्टाची अनेक तोंडं करणारी डबी, सुचवला. आवाजाचंही सांगितलं: व्हीजीएतून आवाज जात नाही, तो हेडफोनच्या भोकातून वेगळा घेऊन ॲम्प्लिफायरला द्यावा लागेल.

सेठजी केव्हापासून पडद्याआडून बघत होते. "क्यों टाइम खोटी कर रहा है?" असं दोनदा झालं. बिलाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, पोर्ट सर्व्हिसिंग लिही, दोन हजार घे. "वो तो अट्ठाईस हज़ार देने वाली थी, दो में दुआ देके जाएगी." त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. लोक बदललेल्या पार्टला पैसे देतात, काही बिघडलेलं नाही या बातमीला देत नाहीत. दुकानाचं भाडं बातमीवर निघत नाही. तरी मी हबचे सोळाशे आणि तपासणीचे तीनशे लिहिले. सेठजी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बाईंनी बिल वाचलं. "आणि एवढं शिकवलंस त्याचे?"

"त्याचे कुठले, काकू."

"मी शिकवणी घ्यायचे तेव्हा फी घ्यायचे," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप पिशवीत भरला.

सोमवारी त्यांचा मेसेज आला. व्याख्यान छान झालं, रंगही आले. फक्त चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येत होता, काढला की बंद. त्या शेवटपर्यंत बॅटरीवर बोलल्या. चार्जर आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या प्लगांवर असले की दोन्ही अर्थिंगांमधून तो आवाज उठतो, असं मी कळवलं. उलट उत्तर आलं, 'नोंद केली.'

माझ्या डोक्यातून तो सेंटरवरचा मुलगा जात नव्हता. लबाड होता की अडाणी? जॉबशीटवरच्या सहीवरून मी त्याला ओळखला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात कीबोर्ड बदलायचं काम करायचा, हात चांगला, घाई फार. फोन लावला. कुठल्या पोर्टाला लावून पाहिलंस, विचारलं.

"राइट वाले में. आंटी ने वही बताया था."

"डावीकडे?"

"भैया, दोनों सेम ही तो हैं."

त्यात लबाडी नव्हती. मग मी विचारलं, तुमच्या शीटवर 'दोष नाही' असं लिहायची सोय आहे का? आहे म्हणाला, पण ते लिहिलं की कस्टमर रिकाम्या हातानं जातो, रागानं एक स्टार देतो, आणि वरून फोन येतो की रेटिंग का पडलं. बोर्ड सुचवला तर बहुतेक जण नको म्हणून निघून जातात, आणि केस बंद होते. हे त्यानं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला पुढे काय बोलावं सुचेना. अडाणीपणा एका पोर्टापुरता होता, बाकीचं त्याला नीट समजलेलं होतं.

डी-पीचं चिन्ह कसं शोधायचं ते दाखवतो, ये एकदा, म्हटलं. रविवारी सुट्टी असते, तेव्हा येतो म्हणाला. अजून आलेला नाही. सेठजींना मी हे सांगितलेलं नाही, कारण ते त्याला परत कामावर घेतील.