आम्ही काय पापड लाटत होतो? : आमच्या स्टुडिओची वाटचाल

कोल्हापुरात व्हिडिओ गेम बनतात म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस आधी हसतो आणि मग रेट पाडून मागतो. २०१४ पासून हेच ऐकतोय. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत मी आणि माझा भागीदार बसलो. परदेशी स्टुडिओंची थ्रीडी मॉडेल्स, त्यांवरचं टेक्स्चर, ती हलावीत म्हणून आत सांगाडा बसवणं म्हणजे रिगिंग, असलं काम मिळत गेलं, पैसे वेळेवर आले, माणसं वाढली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसातली मशिन्स खांद्यावरून वरच्या मजल्यावर चढवली, एवढंच.

सांगायचं ते आमच्या कुस्तीच्या गेमचं. कुस्तीला मोकॅप, म्हणजे अंगाला मार्कर चिकटवून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपणं, आम्हाला परवडत नाही. दोन पैलवान एकमेकांत गुंतले की निम्मे मार्कर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, मग साफसफाईतच बजेट जातं. आम्ही तालमीत दोन फोन लावले, एक बाजूने, एक शिडीवर. ते फुटेज समोर ठेवून ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक की, म्हणजे त्या त्या क्षणाची पोझ, हाताने बसवली. धोबीपछाडीत समोरच्याचं वजन नेमक्या कुठल्या फ्रेमला खांद्यावर येतं, यावर वस्ताद आणि आमचा लीड ॲनिमेटर तासन्‌तास भांडायचे. वस्तादांना माऊस धरता येत नव्हता, पण पाय मातीवरून सरकला की लगेच सांगायचे, "ह्यो घसरतोय." टेस्टिंगला आमच्याकडे २ जीबी रॅमचे जुने फोन खोकंभर. गेम त्यावर चालला तरच बिल्ड, म्हणजे गेमची तोवर तयार झालेली आवृत्ती, पास. हा नियम अजून आहे.

२०२३ मध्ये घात झाला. गेमला पैसा पुरवणाऱ्या परदेशी पब्लिशरने कामाचा तिसरा टप्पा, म्हणजे माइलस्टोन, मंजूर केला, बिल्ड उतरवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात मेल आला : अंतर्गत पुनर्रचना सुरू आहे, पेमेंट थांबवलंय. ते आजतागायत थांबलेलंच आहे. जगभर व्याजदर चढले होते, कोरोनातला सैल पैसा आटला होता. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीच्या कागदांवरचे आकडे मार्करने नीट खोडले गेले नाहीत आणि सगळ्यांना वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' ह्या त्यांच्या गेमचा खर्च २२ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठराशे कोटी रुपये! लोकांना वाटतं हा पैसा ग्राफिक्समध्ये जातो. छे. तो पगारात जातो. दोनेकशे माणसं गुणिले पाच-सहा वर्षं, झाला हिशेब. आमचाही हिशेब तोच, शून्यं कमी.

आणि नेमक्या त्याच सुमारास ताराबाई पार्कात एका नव्या गेम स्टुडिओने काचेचं ऑफिस उघडलं. गुंतवणूकदाराचा पैसा, बीन बॅग, कॉफी मशीन. आमचा लीड ॲनिमेटर आणि रिगर दुप्पट पगारावर उचलले. उद्घाटनाची बातमी छापून आली : 'कोल्हापुरातला पहिला गेम स्टुडिओ'. पहिला! मग नऊ वर्षं आम्ही काय पापड लाटत होतो? कात्रण माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

वाचवलं ते शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्या अण्णांनी. इंडक्शन फर्नेसमध्ये ओलं स्क्रॅप पडलं की पाण्याची वाफ होऊन वितळलेलं लोखंड बाहेर उडतं. नव्या पोरांना हे भट्टीपाशी शिकवायचं कसं, म्हणून २०१७ मध्ये आम्ही त्यांना डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटवर चालणारं ट्रेनिंग करून दिलं होतं. ह्या वेळी मी काही मागायला गेलोच नव्हतो, एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं, बिल द्यायला गेलो होतो. अण्णा म्हणाले, "तोंड का उतरलंय?" ऐकून घेतलं आणि साचे बनवायच्या मोल्डिंग लाइनचं नवं ट्रेनिंग करा म्हणून उचल दिली. कोटेशन मागून पाठवलं. त्यावर पगार निघाले.

नवीन पोरांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. पैसे जमा होईपर्यंत सोर्स फाइल द्यायची नाही, वॉटरमार्कवाला बिल्ड द्यायचा. गेमचं बजेट धराल तेव्हा जाहिरातीचा आकडा वेगळा धरा. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवरच्या ॲपना ट्रॅकिंगसाठी वापरणाऱ्याची परवानगी घेणं सक्तीचं केल्यापासून नेमका गिऱ्हाईक शोधून इन्स्टॉल आणणं महाग झालंय. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्या इंजिनवरही सगळा भरवसा टाकू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी ह्या इंजिनच्या कंपनीने इन्स्टॉलमागे फी जाहीर केली आणि वर्षभराने मागे घेतली. आम्ही नवीन काम गोडो ह्या दुसऱ्या इंजिनवर करतो, त्याला लायसन्सचा रुपया लागत नाही.

काचेचं ऑफिस दीड वर्षात बंद पडलं. गुंतवणूकदाराने हात आखडता घेतला म्हणे. लीड ॲनिमेटर परत आला, खुर्चीत बसायच्या आधी पगाराचं विचारलं. सोडून गेला तेव्हाचा जो होता तोच सांगितला. आता तो एकेरी पट ह्या डावाचं ॲनिमेशन दुरुस्त करतोय, आणि वस्तादांचं अजून समाधान होत नाही.